डब्यावर एक नारिंगी, कार्डावर दुसरा, पडद्यावर तिसरा: ब्रँडचा रंग जुळवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. ब्रँडचा रंग ठरलाय पॅन्टोन (रंगाच्या शायांना नंबर देणारी पद्धत) ऑरेंज ०२१. डबे छापून आले ते झकास. त्याच रंगाची व्हिजिटिंग कार्डं मळकट निघाली, डिजिटलवर काढलेलं माहितीपत्रक विटकरीकडे झुकलं आणि वेबसाइटवरचा रंग या सगळ्यांपेक्षा भडक दिसतोय. आरजीबीचे (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे) आकडे चारदा बदलून झाले, सीएमवायकेचे (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांचे) आकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन झाले. आता यातले खरे आकडे कोणते?

खरे असे यातले कुठलेच नाहीत, आणि ते शोधत बसण्यातच सगळ्यांचा वेळ जातो. मीही प्रीप्रेसमधली, म्हणजे छपाईआधी फायली तयार करण्याच्या कामातली, पहिली काही वर्षं त्यातच घालवली.

सीएमवायके आणि आरजीबी या यंत्राला दिलेल्या सूचना आहेत, त्यात रंग नसतो. ‘मजेंटा ६५, पिवळा १००’ याचा अर्थ एवढाच की मजेंटाच्या प्लेटवर ६५ टक्के ठिपके ठेव आणि पिवळ्याची प्लेट पूर्ण भरून टाक. पुढे कागद कोणता, शाई कोणाची, मशीनवर ठिपका किती फुगला, यावर डोळ्याला काय दिसणार ते ठरतं. आरजीबीचंही तेच: २५४, ८०, ० ही मूल्यं दोन मोबाइलवर दोन रंग दाखवतील. म्हणूनच तुम्हाला तीन ठिकाणी सीएमवायकेचे तीन वेगळे आकडे मिळाले. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येकाने वेगळा कागद आणि वेगळं छपाई मानक गृहीत धरलेलं असतं.

पॅन्टोन नंबराची गोष्ट थोडी वेगळी. १९६३ साली लॉरेन्स हर्बर्टने ही पद्धत आणली ती शाई मिसळण्याची कृती म्हणून. ठरावीक मूळ शाया, त्यांचं ठरावीक प्रमाण आणि त्या मिश्रणाला एक नंबर. तुमचा ऑरेंज ०२१ तर स्वतःच त्या मूळ शायांपैकी एक आहे, मिसळायचीही गरज नाही. पण नंबर शाईचा असतो, दिसण्याचा नसतो. शेडकार्डावर नंबरापुढे लिहिलेला ‘सी’ आणि ‘यू’ या दोन वेगळ्या शाया आहेत असं निम्म्या डिझायनरांना वाटतं. शाई एकच. सी म्हणजे ती कोटेड (लेप दिलेल्या गुळगुळीत) कागदावर, यू म्हणजे अनकोटेडवर (लेप नसलेल्यावर). कोटेडवर शाई वर बसते आणि चमकते, अनकोटेडमध्ये ती तंतूंत मुरते, कागदाचा खडबडीतपणा प्रकाश विखुरतो आणि रंग बसका दिसतो. तुमची कार्डं मळकट निघाली त्याचं कारण बहुधा हेच. छापणाऱ्याने शाई चुकवलेली नसणार.

यावर उपाय आहे आणि तो बरेच जण वापरत नाहीत, कारण त्यांना वाटतं ब्रँडचा नंबर बदलणं म्हणजे पाप. अनकोटेड कागदासाठी वेगळा नंबर निवडा. यू शेडकार्ड उघडा, डब्याचा मान्य झालेला तुकडा शेजारी ठेवा आणि डोळ्याला त्याच्या सर्वांत जवळ जाणारी पट्टी शोधा. तिचा नंबर ०२१ नसेलही. नसू दे. लोक रंग बघतात, नंबर कोणी वाचत नाही. ब्रँडच्या नियमावलीत ‘कोटेडवर हा नंबर, अनकोटेडवर तो नंबर’ अशी सरळ दोन ओळींची नोंद करा. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

आता मुख्य मुद्दा. चार माध्यमं एकमेकांशी जुळवत बसलात तर कधीच जुळणार नाहीत, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे धावतो. वेबसाइट डब्याकडे बघते, कार्ड वेबसाइटकडे, माहितीपत्रक कार्डाकडे. एकाला मूळ ठरवायचं आणि बाकी सगळे त्याच्याशी जुळवायचे, आपसांत नाही. मी मूळ नेहमी हातात धरता येणारी वस्तू ठेवतो: मान्य झालेला, वाळलेला छापील नमुना किंवा शाई बनवणाऱ्याने खऱ्या कागदावर ओढून दिलेला शाईचा पट्टा, म्हणजे ड्रॉडाउन. तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग मोजायच्या उपकरणावर) मोजायचा आणि त्याची लॅब मूल्यं लिहून ठेवायची. लॅब म्हणजे १९७६ साली सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली रंग मोजायची पद्धत. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालाकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. ही मूल्यं कुठल्याही मशीनची गुलाम नाहीत. सोबत मोजणीची अट लिहाच: डी५० प्रकाश (दिवसाच्या उजेडाचं ठरवून दिलेलं रूप), २ अंशांचा निरीक्षक (डोळ्याचं प्रमाणित गणित), एम० की एम१ (उपकरणातल्या प्रकाशाचे प्रकार). हे न लिहिलेली लॅब मूल्यं म्हणजे एकक न लिहिलेलं माप. उपकरण स्पेक्ट्रल (तरंगलांबीनुसार मोजलेले) आकडे देत असेल तर तेही जपून ठेवा. ते पुढे नेण्यासाठी सीएक्सएफ नावाचा फाइल प्रकार आहे आणि शाई बनवणारे तो आनंदाने घेतात.

शेडकार्डालाच मूळ मानलं तर चालेल का? चालेल, पण ते नवं हवं. कार्ड उन्हात पडतं, बोटं लागतात, कागद पिवळा पडतो. पॅन्टोनवाले वर्ष-दीड वर्षात बदला म्हणतात. त्यात विक्रीचा हेतू आहेच, पण चार वर्षं खिडकीशेजारी लोळलेलं कार्ड मी एकदा नव्याशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा पिवळे आणि नारिंगी रंग ओळखू येईना झाले. माझ्याकडचं कार्ड तेव्हापासून ड्रॉवरमध्ये बंद असतं आणि मागायला आलेल्याला मी जरा कुरकुरतच देतो.

मूळ ठरलं की पुढचा प्रश्न: ते कुठपर्यंत पोचू शकतं? ऑरेंज ०२१ फोर कलरमध्ये, म्हणजे सीएमवायकेच्या चार शायांत, बसत नाही. पॅन्टोनचंच कलर ब्रिज नावाचं कार्ड आहे, त्यात डावीकडे स्पॉट (त्या रंगाची स्वतंत्र शाई) आणि उजवीकडे त्याचं फोर कलर रूप शेजारी शेजारी छापलेलं असतं. नारिंगी, रिफ्लेक्स ब्ल्यू, चकचकीत हिरवे, जांभळे यांची पानं ग्राहकाला पहिल्याच बैठकीत दाखवा. तिथे होणारा चेहरा नंतर छापून आल्यावर होणाऱ्या चेहऱ्यापेक्षा परवडतो. कारण साधं आहे: मजेंटा आणि पिवळा एकावर एक येऊन जो नारिंगी तयार होतो, त्यात मजेंटाची शाई नको तो प्रकाशही थोडा गिळते. एकाच शुद्ध रंगद्रव्याची शाई तसं करत नाही. आकडे कितीही फिरवलेत तरी या भिंतीपलीकडे जाता येत नाही. तेव्हा डबा, लेबल, जिथे ब्रँड दुकानात उभा राहतो तिथे त्या शाईसाठी पाचवी प्लेट द्या. पत्रकाला फोर कलर चालवून घ्या. पॅकेजिंगमध्ये हल्ली सीएमवायकेच्या जोडीला नारिंगी, हिरवी आणि जांभळी शाई कायमची चढवून सात रंगांत छापतात. तशी सोय असेल तर तुमचा नारिंगी वेगळ्या शाईशिवायही बराच जवळ जाईल.

आता फाइलकडे येऊ. मशीनवर जेवढे रंग चुकतात त्याहून जास्त फायलीत चुकतात असं माझं मत आहे. पीडीएफमध्ये स्पॉट कलर म्हणजे दोन गोष्टी असतात: एक नाव आणि एक पर्यायी रंग. प्लेट निघते ती नावावरून. पडद्यावर किंवा साध्या प्रिंटरवर दिसतो तो पर्यायी रंग, लॅबमधला नाहीतर सीएमवायकेमधला. त्यामुळे पडद्यावर फाइल छान दिसते म्हणून प्लेट बरोबर निघेल असं नाही, आणि उलटही नाही.

एक प्रसंग सांगतो. एका जॉबची फाइल आली, लाल आणि काळा, दोन रंगांचं काम. सेपरेशन प्रिव्ह्यू (प्रत्येक प्लेट वेगळी दाखवणारी खिडकी) उघडला तर प्लेटा चार. ‘पॅन्टोन १८५ सी’, ‘पॅन्टोन १८५ यू’, ‘१८५ रेड’ आणि काळा. लोगो एका जुन्या फायलीतून आणलेला, मथळा नव्याने रंगवलेला, आणि खालची पट्टी कोणीतरी स्वतःचं स्वॉच (नाव दिलेली रंगाची नोंद) करून भरलेली. पडद्यावर तिन्ही लाल सारखेच. तशीच फाइल प्लेटला गेली असती तर लाल रंग तीन प्लेटांवर वाटला गेला असता; घाईत कोणी ‘जास्तीचे रंग फोर कलरमध्ये बदला’ हे बटण दाबलं असतं तर एकाच पानावर दोन-तीन प्रकारचे लाल. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. नाव एकच ठेवा, स्पेलिंग आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट, कारण पीडीएफला ‘पॅन्टोन’ मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत ही दोन वेगळी नावं वाटतात.

याला आणखी एक फाटा आहे. नोव्हेंबर २०२२ पासून अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनची बहुतेक शेडकार्डं (स्वॉचच्या याद्या) काढली गेली, ती वेगळी वर्गणी भरून घ्यावी लागतात. काही जुन्या फोटोशॉप फायली उघडल्या तर पॅन्टोनचे भाग काळे दिसू लागले. तेव्हा बराच गोंधळ झाला, पण छपाईच्या दृष्टीने मार्ग सोपा आहे: बरोबर नावाचं स्पॉट स्वॉच स्वतः तयार करा आणि त्याच्या पर्यायी रंगात तुम्ही मोजलेली लॅब मूल्यं भरा. मला तर हे त्या यादीतल्या स्वॉचपेक्षा बरं वाटतं, कारण मग पडद्यावर दिसतो तो तुमचा मूळ नमुना.

डिजिटल छपाईत लोक हमखास एक चूक करतात, तुमच्या माहितीपत्रकात तीच झाली असावी. ‘डिजिटलवर स्पॉट शाई नसते’ म्हणून पाठवायच्या आधीच स्वतः सीएमवायके करून टाकतात. नका करू. डिजिटल यंत्राच्या रिपमध्ये (फाइलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पॉट नावांचा तक्ता असतो. फायलीत नाव शिल्लक असेल तर रिप त्या रंगासाठी त्याच यंत्राच्या शायांतून जमेल तेवढं चांगलं मिश्रण काढतो. तुम्ही कुठल्याशा ऑफसेटच्या प्रोफाइलने (त्या छपाईत रंग कसे उमटतात त्याच्या नोंदीने) आधीच आकडे पाडून दिलेत तर त्याच्या हातात काही उरत नाही. यंत्रात केशरी टोनर किंवा शाई असली तरी ती मग तुमच्या कामाला येत नाही. नाव राहू द्या आणि छापणाऱ्याला लॅब मूल्यं कळवा.

छटांकडे कोणी लक्ष देत नाही. सॉलिड (पूर्ण भरलेला रंग) जुळला म्हणजे ३० टक्के टिंट (फिकट छटा) जुळेलच असं नाही. स्पॉट शाईचा ठिपका किती फुगतो ते त्या त्या शाईनुसार बदलतं. स्पॉट रंगांची छटा मोजायला आयएसओ २०६५४ हे मानक २०१७ साली आलं, तेही अजून सगळीकडे पोचलेलं नाही. डिझाइनमध्ये ब्रँडच्या रंगाच्या फिकट पट्ट्या खूप असतील तर नमुन्याला सॉलिडसोबत ७०, ४० आणि २० टक्क्यांच्या पट्ट्याही छापून घ्या.

आता पडदा. २५४, ८०, ० ही पॅन्टोनने ऑरेंज ०२१ सीसाठी दिलेली एसआरजीबी (पडद्यांसाठीचं नेहमीचं आरजीबी मानक) मूल्यं. लाल जवळजवळ टोकाला, निळा शून्यावर. म्हणजे हा रंग एसआरजीबीच्या कडेला जाऊन टेकलाय, यापुढे सरकायला जागा नाही. तरी वेबसाइट डब्यापेक्षा भडक का दिसते? कारण पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि डबा खोलीतला प्रकाश परत करतो. ब्राइटनेस पूर्ण चढवलेल्या पडद्याशेजारी कुठलाही छापील तुकडा मेलेलाच दिसणार. त्यात पडद्याचा पांढरा डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन, आणि छपाई बघायचा पांढरा डी५०, साधारण ५००० केल्विन. तुलना करायचीच असेल तर मॉनिटर कॅलिब्रेट करा, उजेड १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणा, मोबाइलची खोलीप्रमाणे रंग बदलणारी आणि रात्रीची पिवळी सेटिंगं बंद करा. नंतर बघा, अर्धा फरक तिथेच जातो.

पडदा मोठा आणि छपाई लहान असंही सरसकट समजू नका. ऑफसेटमधला साधा १०० टक्के सायन एसआरजीबीत मावत नाही. ज्यांच्या ब्रँडचा रंग त्या बाजूचा आहे, त्यांची तक्रार तुमच्या बरोबर उलटी असते.

नव्या मोबाइलचे पडदे डिस्प्ले पी३ (एसआरजीबीपेक्षा मोठा रंगांचा पल्ला) दाखवतात आणि सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) त्यासाठी वेगळं मूल्य देता येतं. मोह आवरा. पार्श्वभूमी पी३मध्ये आणि लोगोची पीएनजी एसआरजीबीमध्ये राहिली की लोगोभोवती चौकोन उमटतो. मी अजून सगळं एसआरजीबीमध्येच ठेवतो आणि चित्रात प्रोफाइल जोडून पाठवतो.

पडद्यावरून छपाईत शिरणारा एक रोग मात्र नीट ओळखून ठेवा. या नारिंगीवर पांढरी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट साधारण ३.३ला १ येतो. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला ४.५ला १ लागतो. मग वेबवाले बटणासाठी नारिंगी जरा गडद करतात. योग्यच करतात. पण सहा महिन्यांनी कोणीतरी तोच गडद कोड ‘आपला ब्रँड कलर’ म्हणून उचलतो, त्याचं सीएमवायके करतो आणि बॅनर छापायला पाठवतो. बॅनर विटकरी येतो तो असा. नियमावलीत ‘बटणाचा नारिंगी’ हे स्वतंत्र नाव द्या आणि त्यापुढे ‘फक्त पडद्यासाठी’ असं स्पष्ट लिहा.

रंग बघायचा कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग भांडतात. माझ्यासमोर एकदा ग्राहकाने डबा आणि त्यावर चिकटवायचं लेबल कार्यालयातल्या ट्यूबखाली जुळवून पास केलं. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या शायांनी छापलेले. दारात नेले तर उन्हात लेबल सरळ गुलाबीकडे गेलं. आधी मलाही वाटलं लॉट बदललाय. तसं काही नव्हतं. रंगद्रव्यं वेगळी असली की एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्यात फारकत घेतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणून आयएसओ ३६६४ मानक बारकाईच्या तुलनेसाठी डी५० प्रकाश आणि २००० लक्स उजेड सांगतं, आजूबाजूला करडा रंग. तेवढी पेटी नसेल तर निदान दोन वेगळ्या प्रकाशांत बघा, त्यातला एक माल जिथे विकला जाणार तिथला असू दे. कागदातली उजळक द्रव्यंही अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. सॉलिड नारिंगीखाली ते झाकलं जातं, फिकट छटांत मात्र उघडं पडतं. एम० आणि एम१ यांतला फरकही इथेच कळतो.

मशीनवर उभं राहून पास करणार असाल तर दोन गोष्टी. ओली शाई वाळलेल्या शाईपेक्षा दाट आणि चमकदार दिसते, अनकोटेडवर हा फरक जास्त. ओल्या शीटला डोळ्याने अगदी तंतोतंत जुळवलं तर उद्या ती फिकी निघेल. मशीनमनला विचारा, त्याला आपल्या शाईचा अंदाज असतो. आणि पुढे मॅट लॅमिनेशन होणार असेल तर त्याच शीटचा तुकडा आधी लॅमिनेट करून बघा. मॅट फिल्म गडद सॉलिडची खोली खाते, ग्लॉस वाढवते. लॅमिनेशनशिवाय पास केलेला नमुना लॅमिनेट केलेल्या मालाशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

‘जुळला’ म्हणजे किती जुळला, हे आधी आकड्यात ठरवा. डेल्टा ई हा दोन रंगांतल्या अंतराचा आकडा. १च्या आसपासचा फरक सराव झालेल्या डोळ्याला शेजारी शेजारी ठेवून जेमतेम कळतो. सूत्र २०००चं वापरा, १९७६चं नको. जुनं सूत्र तुमच्या नारिंगीसारख्या भडक रंगांत फरक फुगवून सांगतं आणि मशीनमनला विनाकारण छळतं. मी स्पॉट सॉलिडसाठी २ मागतो, फोर कलर पत्रकासाठी फोर कलरच्याच मान्य प्रूफपासून (छपाईआधी काढलेल्या नमुन्यापासून) ३ पर्यंत चालवून घेतो. पत्रकाचं अंतर डब्यापासून मोजत नाही, कारण तेवढं जुळणं शक्यच नसल्याचं आपण वर पाहिलं. पडद्याला डेल्टा ईची अट घालत नाही. दुसऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आपला ताबा नसतो.

तुमच्या बाबतीत मी आत्ता असं करीन. चांगल्या निघालेल्या डब्यांपैकी तीन घेईन, एकसंध नारिंगी जागेवर प्रत्येकी चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढीन आणि एक डबा काळ्या पाकिटात तारीख घालून ठेवून देईन. कार्डासाठी यू शेडकार्डातून जवळचा नंबर निवडून ड्रॉडाउन मागवीन. डबा आणि डिजिटल पत्रक यांच्या फायलींत स्पॉटचं नाव एकच करून पर्यायी रंगात ती लॅब मूल्यं टाकीन. कार्डाच्या फायलीत त्याच्या वेगळ्या नंबराचं नाव जाईल. वेबसाइटवरचे चारही प्रयोग पुसून २५४, ८०, ० परत लावीन. पत्रक त्याच डिजिटल यंत्रावर नव्या फायलीने पुन्हा काढून बघा. ती विटकरी झाक बरीचशी जाईल असा माझा अंदाज आहे. नाही गेली तर रिपमधल्या तक्त्यात ०२१ची नोंद काय आहे, ते छापणाऱ्याला उघडून दाखवायला सांगा.